कुजका चारा, तांदळावरची बुरशी आणि दोन गोळ्या

आई-वडील, काका, मामा साठीच्या पलीकडे गेले की घरात सोम ते रवि असे कप्पे असलेली एक प्लॅस्टिकची डबी येते. टीव्हीशेजारी नाहीतर फ्रीजवर तिची जागा ठरलेली. तिच्यात बरेचदा दोन गोळ्या शेजारी शेजारी पडलेल्या दिसतात. एक ‘रक्त पातळ करायची’ आणि एक ‘कोलेस्टेरॉलची’. पहिलीचं घराणं म्हणजे अमेरिकेतला कुजका चारा आणि उंदीर मारायचं विष. दुसरीचं घराणं क्योटोमधल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर उगवलेली बुरशी.

आता या दोघी एकत्र चालतात का, हा प्रश्न आपल्यापैकी बऱ्याच जणांना फोनवर विचारला गेला असेल. मलाही आला. काकूचा. “अरे, काकांना आता ती कोलेस्टेरॉलची पण दिलीये. त्या पातळ करायच्या गोळीबरोबर चालते का रे? तू बघ ना जरा कॉम्प्युटरवर.” (घरात कुणी संगणकाचं काम करत असेल तर त्याला प्रिंटरपासून पित्ताशयापर्यंत सगळं कळतं, ही समजूत काही केल्या जात नाही.) उत्तर आधीच सांगून टाकतो: चालतात. जगभर लाखो लोक दोन्ही घेतात आणि बऱ्याच जणांना दोन्हींची खरोखर गरज असते. पण कुठली कुठलीबरोबर, आणि सुरू करताना काय तपासायचं, याला महत्त्व आहे. ते महत्त्व का आहे हे शोधायला गेलो आणि दोन वीकांत या इतिहासातच गेले. मी डॉक्टर नाही, त्यामुळे डोस कुणाला किती ते इथे मिळणार नाही. गोष्ट मात्र मिळेल.

गोष्ट सुरू होते कोंबडीच्या पिलांपासून, आणि गंमत म्हणजे कोलेस्टेरॉलपासूनच.

१९२० च्या दशकाच्या शेवटी कोपनहेगनमध्ये हेन्रिक दाम नावाचा एक शास्त्रज्ञ कोंबडीची पिलं स्वतःच्या शरीरात कोलेस्टेरॉल तयार करू शकतात का हे बघत होता. त्यासाठी पिलांना स्निग्धांश पूर्ण काढून टाकलेलं खाद्य द्यायचं. पिलं कोलेस्टेरॉल तयार करत होती, तो प्रश्न सुटला. पण काही पिलांच्या कातडीखाली, स्नायूंत रक्त साकळायला लागलं. तपासणीसाठी काढलेलं रक्त गोठायलाही फार वेळ लागत होता. दामने खाद्यात कोलेस्टेरॉल परत घालून बघितलं, फरक नाही. लिंबाचा रस देऊन बघितला, फरक नाही. म्हणजे स्निग्धांशाबरोबर दुसरंच काहीतरी निघून जात होतं. १९३५ साली त्याने त्याला नाव दिलं ‘व्हिटॅमिन के’. डॅनिश आणि जर्मनमध्ये ‘कोआग्युलेशन’ची सुरुवात ‘के’ने होते, म्हणून. पुढे अमेरिकेत सेंट लुइसला एडवर्ड डॉइझीने हे जीवनसत्त्व शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं. एक प्रकार मिळाला लसूणघासातून, दुसरा सडवलेल्या मासळीच्या भुकटीतून. १९४३ चं नोबेल दोघांत वाटून गेलं.

म्हणजे रक्त गोठण्याचं जीवनसत्त्व सापडलं ते कोलेस्टेरॉलच्या प्रयोगातला बग म्हणून. टेस्ट एका गोष्टीची लिहावी आणि फेल व्हावी भलतीच, असा प्रकार. दामने ते ‘ज्ञात अडचण’ म्हणून बाजूला टाकलं नाही, हे आपलं नशीब.

त्याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे गुरं मरत होती. कॅनडा आणि उत्तर अमेरिकेच्या थंड पट्ट्यात शेतकऱ्यांनी ‘स्वीट क्लोव्हर’ नावाचं गवत लावायला सुरुवात केली होती. हे आपल्या मेथीच्या कुळातलंच झाड. हलक्या जमिनीत येतं, वास छान. पण पावसाळी हवेत वाळवण नीट झालं नाही की चाऱ्याला बुरशी लागायची. तो चारा खाल्लेल्या जनावरांना शिंग कापलं, खच्ची केलं किंवा नुसता मुका मार लागला तरी रक्त थांबायचं नाही. १९२० च्या दशकात ओंटारियोतल्या पशुवैद्यक कॉलेजातल्या फ्रँक स्कोफिल्डने एकाच गंजीतल्या चांगल्या आणि बुरसटलेल्या काड्या वेगळ्या करून सशांना खायला घातल्या आणि दोष बुरसटलेल्या काड्यांत आहे हे दाखवून दिलं. (हा स्कोफिल्ड एक भन्नाट माणूस. त्याआधी तो कोरियात मिशनरी होता आणि १९१९ च्या तिथल्या स्वातंत्र्य आंदोलनाचे फोटो काढून त्याने जपानी राजवटीची पंचाईत केली होती. आज त्याची समाधी सेऊलच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत आहे. त्याच्यावर एक वेगळा लेख लिहायला हवा.)

कारण कळलं, पण बुरसटलेल्या चाऱ्यातला नेमका पदार्थ कोणता ते कळेना. उपाय एकच, तो चारा टाकून द्या. १९३० च्या मंदीत शेतकऱ्याला चारा टाकून दे म्हणणं सोपं होतं का?

फेब्रुवारी १९३३. विस्कॉन्सिनमध्ये हिमवादळ चालू. डियर पार्कजवळचा एड कार्लसन नावाचा शेतकरी ट्रकमध्ये एक मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये भरलेलं, न गोठलेलं रक्त आणि सुमारे पन्नास किलो खराब चारा घालून तीनशेएक किलोमीटर गाडी हाकत मॅडिसनला आला. त्याला भेटायचं होतं राज्याच्या पशुवैद्याला. शनिवार होता, ऑफिस बंद. मग ज्या इमारतीचं दार उघडं दिसलं तिथे तो शिरला. ती होती विद्यापीठाची जीवरसायनाची इमारत, आणि आत होता कार्ल पॉल लिंक.

लिंकला या गवताशी थोडाफार संबंध होता. गोड वास कमी असलेलं वाण तयार करायच्या कामात नुकतीच त्याची मदत मागितली गेली होती. पण मरणाऱ्या गाईंवर त्याच्याकडे औषध नव्हतं. त्याने कार्लसनला तेच सांगितलं जे आधीच सगळ्यांना माहीत होतं: हा चारा बंद कर. कार्लसन त्याच वादळातून परत गेला. पुढे लिंकने स्वतः या प्रसंगाबद्दल लिहून ठेवलंय. त्याचा जर्मन विद्यार्थी शोफेल त्या कॅनमधल्या रक्तात हात घालून बडबडत राहिला, की त्या माणसाला आपण रिकाम्या हाताने पाठवलं, यात काहीतरी करायला हवं. दोघांनी त्याच संध्याकाळी काम सुरू केलं.

आणि मग सहा वर्षं गेली. सहा वर्षं! आपल्याकडे दोन स्प्रिंट उशीर झाला तर मॅनेजरचा रक्तदाब वाढतो. २८ जून १९३९ च्या पहाटे हॅरॉल्ड कॅम्पबेल या लिंकच्या सहकाऱ्याला सूक्ष्मदर्शकाखाली शेवटी शुद्ध स्फटिक दिसले. पदार्थ होता डायकुमारॉल. गवताला गोड वास देणारं कुमारिन स्वतः निरुपद्रवी. पण बुरशी त्यावर काम करते आणि दोन रेणू जोडून हे रसायन बनतं. ते यकृतात जाऊन व्हिटॅमिन के वाया घालवतं. नेमकं सांगायचं तर, वापरलेलं ‘के’ शरीर एका एन्झाइमच्या मदतीने परत ताजं करून घेत असतं, आणि हे रसायन त्या एन्झाइमलाच अडवतं. ताजं ‘के’ नाही, तर रक्त गोठवणारी काही प्रथिनं अर्धवट अवस्थेतच बाहेर पडतात. दामची पिलं आणि कार्लसनची कालवड एकाच कारणाने रक्त गमावत होती.

गायीला मारणारी गोष्ट माणसाला वाचवू शकते हे डॉक्टरांच्या लगेच लक्षात आलं. शस्त्रक्रियेनंतर पायात गुठळी होणं, ती फुप्फुसात जाणं यावर तोपर्यंत हेपॅरिनचं इंजेक्शन होतं. आता गोळी मिळाली. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मेयो क्लिनिकमध्ये डायकुमारॉल वापरात आलं.

लिंक मात्र वेगळ्याच दिशेला गेला. १९४५ मध्ये क्षयाने आजारी पडून तो सॅनिटोरियममध्ये होता, आणि तिथे पडल्या पडल्या उंदरांच्या बंदोबस्ताचा इतिहास वाचत होता. (माणसं आजारपणात काय काय वाचतात!) त्याच्या लक्षात आलं की आपल्या प्रयोगशाळेत डायकुमारॉलची भावंडं दीडशेच्या आसपास तयार झालीयेत, त्यातलं एखादं जालीम असेल तर उंदरांवर चालेल. यादीतला बेचाळिसावा पदार्थ निवडला गेला. बेचाळीस हा आकडा दिसला की संगणकवाल्यांना का हसू येतं ते वेगळं सांगायला नको. संशोधनाला पैसे देणाऱ्या विस्कॉन्सिन अ‍ॅलम्नाय रिसर्च फाउंडेशनची आद्याक्षरं आणि कुमारिनची शेपटी जोडून नाव झालं वॉरफरिन. १९४८ मध्ये ते उंदराचं विष म्हणून बाजारात आलं आणि फार लोकप्रिय झालं, कारण उंदीर खाल्ल्याबरोबर मरत नाही. काही दिवसांनी मरतो, त्यामुळे बाकीच्या उंदरांना संशय येत नाही.

हे विष माणसाला द्यायला अर्थातच कुणी धजत नव्हतं. १९५१ मध्ये अमेरिकन सैन्यातल्या एका रंगरुटाने आत्महत्येसाठी ते अनेक दिवस, एकूण ५६७ मिलिग्रॅम खाल्लं. इस्पितळात रक्त आणि व्हिटॅमिन के दिल्यावर तो बरा झाला. म्हणजे या विषाला उतारा आहे, आणि तो दामने शोधून ठेवलाच आहे. १९५४ मध्ये वॉरफरिनला माणसांसाठी मंजुरी मिळाली.

पुढच्याच वर्षी, २४ सप्टेंबर १९५५ ला, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना डेन्व्हरमध्ये हृदयविकाराचा झटका आला. सोमवारी शेअर बाजार कोसळला. आयझेनहॉवर यांच्या उपचारांत वॉरफरिन होतं, आणि जे औषध राष्ट्राध्यक्षांना चाललं ते बाकीच्यांना चालायला हरकत राहिली नाही. पण माझ्या दृष्टीने त्या आजारपणातली दुसरी गोष्ट जास्त रंजक आहे. त्यांचे हृदयतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनी पत्रकारांना बोलावून हृदयविकार म्हणजे काय, आहाराचा काय संबंध, हे अख्ख्या देशाला शिकवलं. आयझेनहॉवर यांचं कोलेस्टेरॉल वारंवार मोजलं जाऊ लागलं, लोणी-अंड्यांवर बंधन आलं. एकाच रुग्णाच्या कागदांत रक्त पातळ करणं आणि कोलेस्टेरॉल कमी करणं शेजारी शेजारी आलं. फरक इतकाच की पहिल्यासाठी गोळी होती आणि दुसऱ्यासाठी फक्त पथ्य.

ती दुसरी गोळी यायला अजून तीस वर्षं होती, आणि तिचा बाप तेव्हा जपानमध्ये कॉलेजात होता. अकिरा एन्दो, जन्म १९३३, म्हणजे कार्लसन ट्रक घेऊन निघाला तेच वर्ष. उत्तर जपानच्या शेतकरी घरात वाढलेला हा मुलगा लहानपणापासून अळंबी आणि बुरशींच्या मागे होता. माश्या मारणारी पण माणसाला न मारणारी एक अळंबी असते तिच्यावर त्याने शाळेत असतानाच प्रयोग केले. पेनिसिलिनवाला फ्लेमिंग हा त्याचा आदर्श. सांक्यो या औषध कंपनीत नोकरी लागली आणि १९६६ ते ६८ तो न्यूयॉर्कला होता. तिथले लठ्ठ वृद्ध आणि हृदयविकाराच्या रुग्णांना न्यायला धावणाऱ्या अँब्युलन्स बघून तो चकित झाला.

त्याचा तर्क मला फार आवडला. शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल जेवणातून येत नाही, यकृत ते स्वतः बनवतं. त्या कारखान्याचा वेग एक एन्झाइम ठरवतं. आता बुरशीला जंतूंशी लढायचं असतं. काही जंतूंना जगायला त्याच साखळीतले पदार्थ लागतात. तेव्हा हे एन्झाइम बंद पाडणारं शस्त्र एखाद्या बुरशीने आधीच बनवून ठेवलं असणार. मग १९७१ पासून दोन वर्षं, सहा हजारांवर बुरशी, एकेक करून तपासायच्या. निव्वळ ब्रूट फोर्स. पहिला बरा उमेदवार निघाला तो विषारी होता. शेवटी १९७३ मध्ये क्योटोतल्या धान्याच्या दुकानातून आणलेल्या तांदळावरची निळी-हिरवी बुरशी, ‘पेनिसिलियम सिट्रिनम’, कामाला आली. पदार्थाचं नाव कॉम्पॅक्टिन. फ्लेमिंगच्या पेनिसिलियमची ही सख्खी चुलत बहीण, हे एन्दोला किती सुखावून गेलं असेल!

आणि मग ते उंदरांवर चाललंच नाही. कोलेस्टेरॉल ढिम्म हलेना. कंपनी प्रकल्प गुंडाळायच्या बेतात. १९७६ मध्ये एन्दोने एका सहकाऱ्याला गाठलं, त्याच्याकडे प्रयोग संपलेल्या कोंबड्या होत्या. अंड्यात इतकं कोलेस्टेरॉल, म्हणजे कोंबडीच्या रक्तातही भरपूर असणार, तिला देऊन तर बघू. कोंबड्यांचं कोलेस्टेरॉल निम्म्याच्या आसपास उतरलं. उंदराला विष म्हणून लागू पडलेलं पहिलं औषध, आणि उंदरामुळे बुडता बुडता राहिलेलं दुसरं. दोन्हीकडे मदतीला कोंबडीच.

१९७८ मध्ये ओसाकामध्ये अकिरा यामामोटो या डॉक्टरांनी कॉम्पॅक्टिन पहिल्यांदा रुग्णाला दिलं. १८ वर्षांची मुलगी, आनुवंशिक कारणाने कोलेस्टेरॉल भयंकर वाढलेलं. ते उतरलं. पण काही दिवसांनी तिचे स्नायू दुखायला, कमजोर व्हायला लागले. डोस कमी केल्यावर ती सुधारली. म्हणजे स्टॅटिनचा सगळ्यात प्रसिद्ध दुष्परिणाम पहिल्याच रुग्णात दिसला होता. पुढे कुत्र्यांवरच्या प्रयोगांत भीतीदायक काही दिसल्यामुळे सांक्योने १९८० मध्ये कॉम्पॅक्टिन सोडून दिलं. दरम्यान अमेरिकेत मर्क कंपनीला दुसऱ्या बुरशीत त्याचाच भाऊ सापडला होता: लोव्हास्टॅटिन. सप्टेंबर १९८७ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४४४४ हृदयरुग्णांवरच्या अभ्यासाने सिम्व्हास्टॅटिनमुळे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतात हे दाखवलं आणि वाद जवळपास संपला. एन्दो २०२४ मध्ये वारले. नोबेल मिळालं नाही. आपलं मत विचाराल तर मिळायला हवं होतं.

आता दोन्ही गोळ्या एका डबीत आल्या. पुढचं सगळं यकृतात घडतं.

वॉरफरिन म्हणजे खरं तर दोन जुळे रेणू, डावा-उजवा हात असतात तसे. त्यातला ‘एस’ नावाचा तीन ते पाच पट जोरकस. शरीर त्याला निकामी करतं मुख्यतः सीवायपी २सी९ या एन्झाइमने. दुसऱ्या जुळ्याला निकामी करायला इतर काही एन्झाइम, त्यात ३ए४ हे एक. लोव्हास्टॅटिन, सिम्व्हास्टॅटिन आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन हेही ३ए४ वापरतात. फ्लुव्हास्टॅटिन तर थेट २सी९ वर बसतं. एकच सर्व्हर, दोन क्लायंट, आणि रांग. रांगेत वॉरफरिन अडकलं की ते रक्तात जास्त वेळ राहतं आणि रक्त ठरवल्यापेक्षा पातळ होतं. लोव्हास्टॅटिनच्या माहितीपत्रकात हे आलंच होतं: दोन्ही औषधं घेणाऱ्या थोड्या रुग्णांत रक्तस्राव झाला किंवा रक्त गोठायला जास्त वेळ लागला.

किती पातळ हे कळायला आयएनआर ही चाचणी. तिचाही इतिहास छान आहे, पण थोडक्यात: पूर्वी प्रत्येक प्रयोगशाळेचं रसायन वेगळं, त्यामुळे एकाच रक्ताचे आकडे वेगवेगळे यायचे. अमेरिकेत कमी संवेदनशील रसायन वापरत, म्हणून तिथल्या रुग्णांना ब्रिटनपेक्षा जास्त डोस दिला जाई आणि कुणाला पत्ता नव्हता. १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक प्रमाणित मोजमाप आणलं, तेच आयएनआर. बहुतेकांना ते २ ते ३ मध्ये ठेवायचं असतं. काही कृत्रिम झडपांसाठी थोडं वर.

आता आकडे बघा. सिम्व्हास्टॅटिनच्या माहितीपत्रकात दोन अभ्यास दिलेत. निरोगी माणसांमध्ये आयएनआर १.७ वरून १.८ झाला, म्हणजे काहीच नाही. रुग्णांमध्ये तो २.६ वरून ३.४ वर गेला. ३.४ म्हणजे आभाळ कोसळलं असं नाही. पण २.६ चा माणूस हद्दीच्या आत होता आणि आता बाहेर आहे, हे त्याला चाचणी केल्याशिवाय कळणार नाही. रोसुव्हास्टॅटिनचंही तसंच. ते ३ए४ फारसं वापरत नाही, तरी आयएनआर वाढवतं, म्हणजे रांगेचा सिद्धान्त सगळं सांगत नाही. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, प्रॅव्हास्टॅटिन आणि पिटाव्हास्टॅटिनचा वॉरफरिनवर विशेष परिणाम अभ्यासांत दिसला नाही.

दोन औषधांच्या भांडणाला हलकं घेऊ नये हे २००१ ने शिकवलं. सेरिव्हास्टॅटिन नावाचं जोरकस स्टॅटिन १९९७ मध्ये आलं होतं. काही रुग्णांचे स्नायू विरघळून मूत्रपिंडं बंद पडली. ऑगस्ट २००१ मध्ये ते मागे घेतलं तेव्हा जगभरात ५२ मृत्यू नोंदले गेले होते. अमेरिकेतल्या ३१ पैकी १२ जण जेमफायब्रोझिल हे चरबीवरचं दुसरं औषधही घेत होते. हेच जेमफायब्रोझिल वॉरफरिनचाही जोर वाढवतं, आणि आपल्याकडे जास्त दिलं जाणारं फेनोफायब्रेटसुद्धा. ‘कोलेस्टेरॉलची गोळी’ म्हणून आपण जे म्हणतो त्यात हीही येतात, म्हणून नाव बघायचं.

इथून पुढे गोष्ट आपल्या घरात शिरते. आपल्याकडे लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेले रुग्ण अजून खूप आहेत. लोखंडी झडप बसवलेल्यांना नव्या पिढीची औषधं चालत नाहीत. डाबिगॅट्रानचा तसा प्रयोग गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे मध्येच थांबवावा लागला होता. संधिवाताने झडप अरुंद झालेल्यांत जुनंच औषध सरस ठरतं हे २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं. म्हणून वॉरफरिन आणि त्याचा भाऊ अ‍ॅसेनोकुमारॉल आपल्याकडे अजून जोरात आहेत. काका त्यातलेच. बाकीच्यांना आता अ‍ॅपिक्साबान, रिव्हरोक्साबान वगैरे मिळतात. त्यांना आयएनआर लागत नाही आणि स्टॅटिनशी भांडणही कमी. तरी डाबिगॅट्रानबरोबर सिम्व्हास्टॅटिन किंवा लोव्हास्टॅटिन घेणाऱ्यांत मोठा रक्तस्राव इतर स्टॅटिनपेक्षा जास्त दिसला, असं ओंटारियोतल्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासात निघालं.

खरी गोची आपल्याकडच्या जोडगोळ्यांची आहे. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन अधिक अ‍ॅस्पिरिन, रोसुव्हास्टॅटिन अधिक अ‍ॅस्पिरिन अधिक क्लोपिडोग्रेल, अशा कॅप्सूल सर्रास मिळतात. ज्याला फक्त त्यांची गरज आहे त्याच्यासाठी सोयीच्या. पण ‘रक्त पातळ करायची गोळी’ या एका शब्दात आपण वॉरफरिनही बसवतो आणि अ‍ॅस्पिरिनही. मग ‘कोलेस्टेरॉलची कॅप्सूल’ म्हणून घेतलेल्या गोष्टीत अ‍ॅस्पिरिन आहे हे घरात कुणालाच माहीत नसतं. आधीच वॉरफरिनवर असलेल्या माणसात हे भांडण स्टॅटिनच्या भांडणापेक्षा कितीतरी गंभीर. काही जणांना डॉक्टर मुद्दाम दोन्ही देतात, पण ते ठरवून दिलेलं हवं. काकूला मी पहिलं काम तेच सांगितलं: ब्रँडचं मोठं नाव वाचू नकोस, त्याखालची बारीक अक्षरं मला फोनवर वाचून दाखव. दोन विशेषणं आणि तीन मिलिग्रॅम वाचून झाल्यावर कळलं, नुसतं रोसुव्हास्टॅटिन आहे. मग पुढचा प्रश्न, सुरू झाल्यावर आयएनआर कधी केला? केलाच नव्हता, आधीची तारीख तीन महिन्यांनी होती. हृदयतज्ज्ञांना फोन केल्यावर त्यांनी लगेच बोलावलं, आयएनआर वर गेला होता, रक्त पातळ करायच्या गोळीचा डोस थोडा कमी झाला, आणि स्टॅटिन चालू राहिलं. एवढंच. स्टॅटिन सुरू करताना, डोस बदलताना, ब्रँडऐवजी औषधच बदलताना (‘ती नाहीये, ही पण कोलेस्टेरॉलचीच’ असं दुकानात म्हणतात तेव्हा) आणि बंद करतानाही आयएनआर लवकर बघून घ्यायचा असतो. बंद करताना तो खाली जाऊ शकतो, आणि झडपवाल्याला गुठळी रक्तस्रावाइतकीच वाईट.

दुसरी एक साखळी आहे, ती कुठल्याच माहितीपत्रकात सलग लिहिलेली नसते. स्टॅटिनमुळे पोटऱ्या, मांड्या दुखतात. माणूस म्हणतो वय झालं. दुकानातून डायक्लोफेनॅक नाहीतर आयब्युप्रोफेन आणतो. ते पोटाच्या अस्तराला इजा करतं, आणि रक्त तर पातळ आहेच. दोन गोळ्यांचं थेट भांडण नसताना तिसरीमुळे पोटात रक्तस्राव होतो. घशाला आलं म्हणून क्लॅरिथ्रोमायसिन घेतलं तर ते ३ए४ बंद पाडून सिम्व्हास्टॅटिन वाढवतं आणि वॉरफरिनचाही जोर वाढवतं, म्हणजे दोन्ही बाजूंनी मार. आणि ‘नैसर्गिक’ म्हणून मिळणाऱ्या लाल यीस्टच्या तांदळाच्या कॅप्सूलमध्ये मोनॅकोलिन के असतं. एन्दोने १९७९ मध्ये एका लाल बुरशीतून ते शोधलं, आणि रेणू तपासला तर तो लोव्हास्टॅटिनच निघाला.

काका आता काळी शी, लघवीतून रक्त, दात घासताना न थांबणारं रक्त, विनाकारण काळे-निळे डाग, डोक्याला मार, स्नायू खूप दुखून लघवी कोकसारखी होणं, यातलं काही झालं तर वाट न बघता इस्पितळात जायचं, असा कागद डबीच्या झाकणाला आतून चिकटवून बसलेत. मेथी आणि पालकाचं काय, हा काकूचा पुढचा प्रश्न होता. त्यात भरपूर व्हिटॅमिन के. बंद करायची नाही. दर आठवड्याला साधारण तेवढीच खायची, म्हणजे डोस तिच्याशी जुळवून घेतो. काकू म्हणाली, “मग मंगळवार-शुक्रवार मेथी, लिहून ठेवते.”